साप हलतो

प्राध्यापक मधुकरराव देवतळे यांच्या विद्वत्तेला वर्षातून एकदा बहर येई, आणि तो नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी येई. गांधीबागेतले कापडाचे व्यापारी त्या दिवशी दुकानं लवकर बंद करत, आपल्या सभागृहात सतरंज्या अंथरत, आणि मधुकरराव त्यांना साप समजावून सांगत. व्याख्यानाचं नाव ‘साप : समज आणि गैरसमज’. समज वक्त्याचे आणि गैरसमज श्रोत्यांचे, ही वाटणी दोन्ही पक्षांना मान्य होती. मंचावर टोपलीत नाग फणा काढून बसलेला असे. मधुकरराव त्याच्या पाठीमागे जाऊन गाल फुगवून बीन वाजवत, नाग ढिम्म. मग बीन खाली ठेवून ते समोर येत आणि मिटलेली छत्री मुकाट्यानं डावीउजवीकडे हलवत. नाग छत्रीबरोबर डोलू लागे. हशा पिके.

"म्हशीपुढे बीन वाजवली," मधुकरराव म्हणत, "तर म्हैस निदान कान तरी हलवते. सापाला बिचाऱ्याला तेही नाहीत. साप बहिरा आहे, मंडळी. ठार बहिरा."

या वाक्यावर टाळी ठरलेली होती.

व्याख्यानात उणीव एकच होती. ते खरं नव्हतं. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही, एवढं खरं. जमिनीतली थरथर तो जबड्याच्या हाडातून ओळखतो, हेही खरं. पण हवेतून येणारा आवाज त्याच्यापर्यंत मुळीच पोचत नाही, हे मधुकररावांच्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकांचं म्हणणं होतं, सापाचं नव्हतं. परदेशातल्या काही लोकांनी सापाच्या मेंदूला बारीक तारा जोडून हे तपासलं होतं, खालच्या पट्टीतला आवाज तिथे उमटतो असं त्यांना आढळलं होतं, आणि ती बातमी एका नियतकालिकाच्या पोटात बसून विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन पडली होती. मधुकररावांनी ती वाचली होती. वाचून नियतकालिक जागच्या जागी नीट ठेवलं होतं. वाचल्यानं माणसाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वाचलेलं बोलून दाखवल्यानं, आणि बोलायचं ठिकाण तर वर्षातून एकच होतं.

घर सक्करदऱ्याला, तलावाच्या वाऱ्यात. घरात आई रुखमाबाई, धाकटी बहीण शामला, आणि एक अजगर. मधुकररावांचं लग्न राहून गेलं होतं. कोणी कारण विचारलं तर ते पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवत.

अजगर उमरेडहून आला. मामेभाऊ चंपतराव तिथे कोळशाच्या खाणीवर ठेकेदार होता. माती उपसताना एक पिल्लू वर आलं, ते त्यानं गोणपाटात बांधलं आणि एस.टी.नं नागपूरला आणलं. कंडक्टरनं विचारलं तेव्हा ‘रताळी’ म्हणून सांगितलं. "घ्या प्रोफेसर," तो म्हणाला, "टाका बरणीत." बरणी म्हणजे मधुकररावांच्या महाविद्यालयातली स्पिरिटची बरणी. शामला म्हणाली, अंगावर खरचटलं आहे, भरू द्या, मग न्या. जखम भरली, बरणी रिकामीच राहिली. साप पाळायला त्या काळी कोणाची परवानगी लागत नसे, फक्त आईची लागे, आणि रुखमाबाईंनी ती नागोबाच्या भावकीतला म्हणून दिली. चहाच्या मोठ्या खोक्याला जाळी ठोकून त्याचं घर झालं. शामलेनं त्याचं नाव ठेवलं दिवाणजी. कारण तो जेवला की आठवडाभर लोळे, आणि कोणी उठवायला गेलं की फुत्कारे.

शामला बी.एस्सी. होती. ही गोष्ट घरात कोणी विसरलं नव्हतं आणि कोणी वापरलीही नव्हती. तिला उमरेडला, हातमाग असलेल्या घरी दिलं होतं. तिथे दिवसभर माग खटखटत आणि त्यांच्यावर मात करायला सगळं घर चढ्या सुरात बोले. शामलेचा आवाज लहानपणच्या टायफॉइडनं खाली बसलेला, जाड, भरड. ती हळू बोलली तरी तिचा शब्द मागांच्या खटखटाटाखालून सरकत अंगणापर्यंत जाई. सासूला ते खपलं नाही. "बाईचा गळा आहे का बैलाचा?" असं चारचौघांत विचारून विचारून तिनं मुलाच्या मनात आधी लाज उत्पन्न केली आणि मग दुसरी बायको. शामला माहेरी परतली ती बोलणं जवळजवळ सोडूनच. बोले ती दिवाणजीशी.

आणि दिवाणजी येई. "उठा दिवाणजी, कचेरी उघडली," असं ती खोक्यापासून चार हातांवर उभी राहून म्हणे. आत त्याची लवलवणारी जीभ थांबे, डोकं वर होई, वळे, आणि सगळा देह सावकाश उलगडत जाळीशी येऊन लागे. मधुकरराव बोलले तर तो नुसतं डोकं उचले. रुखमाबाईंच्या बारीक, चिरक्या हाकेचा तर त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नसे.

"थो तिले ओळखते," रुखमाबाई म्हणत. "हळदकुंकू मी लावतो आन् ओळख तिची. असे हे देव."

"आई, थो पावलं ओळखते," मधुकरराव म्हणत. "जमिनीतून समजते त्याले. कान कुठे आहेत?"

एका उन्हाळी दुपारी शामलेनं विचारलं, "दादा, पावलंच नसली तर?"

"म्हणजे?"

"त्याले जमिनीवरून उचलू नं. टांगून देऊ."

ही कल्पना तिची होती, हे ध्यानात ठेवलेलं बरं. पुढे मधुकरराव ते विसरण्याचा पुष्कळ प्रयत्न करणार होते. बैठकीतला झोपाळा काढला. वरच्या कडीत कापसाची जाड गुंडाळी बसवून तिच्यावरून सुती दोर सोडला आणि त्याला वेताची करंडी बांधली. दिवाणजीला काही दिसू नये म्हणून भोवती चादर लावली. वारा तलावाकडून घरात येत होता, म्हणून शामला वारा जिकडे जात होता त्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, म्हणजे तिचा वासही त्याच्याकडे जायला नको. आणि पायाखाली तिनं गोधडीच्या घड्या घेतल्या. हे सगळं तिनं कोणत्या पुस्तकात वाचलं होतं, असं मधुकररावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, कुठल्याच नाही. रुखमाबाईंना पलंगावर बसवून पाय वर घ्यायला लावले.

आधी त्यांनीच हाक मारली. काही नाही. मधुकररावांनी दोन ताटल्या एकमेकींवर आपटल्या. काही नाही. मग शामला तिच्या नेहमीच्या जाड, शांत आवाजात म्हणाली, "उठा दिवाणजी." चादरीच्या फटीतून पाहत असलेल्या मधुकररावांना करंडीच्या काठावर ते त्रिकोणी डोकं वर येताना दिसलं. ते थांबलं. आवाजाच्या दिशेला वळलं. शामला पुन्हा बोलली तेव्हा अजगराच्या देहाचा पहिला वेढा काठावरून बाहेर ओघळला.

"पायलं गा दादा?"

मधुकररावांनी चादरीची फट आणखी रुंद केली.

"मी आता पाय खाली ठेवू का?" रुखमाबाईंनी विचारलं. "मुंग्या आल्या मले."

"पुन्हा एकदा करू," मधुकरराव म्हणाले. त्या उन्हाळ्यात ती करंडी पुष्कळदा टांगली गेली. निकाल फारसा बदलला नाही. दर वेळी शामलेचा चेहरा थोडा उजळे, आणि दर वेळी मधुकरराव म्हणत, "पाहू." साप मालकिणीला ओळखतो का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर शामलाही छातीठोकपणे देत नव्हती, पण तो तिला ऐकत होता, आणि हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतलं एक माणूस प्राणिशास्त्राचं अध्यापक होतं.

चौथ्याला, म्हणजे रुपरावांना, ते चहाला आले असताना रुखमाबाईंनी सांगितलं. रुपराव भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेला वेळ लोकांची थट्टा करण्यात घालवत. त्यांनी हसत हसत ही गोष्ट विद्यापीठातल्या गणपतरावांच्या कानावर घातली. गणपतराव हसले नाहीत. ते सरीसृपांवर काम करत होते, हाताखाली एक संशोधन-साहाय्यकाची जागा होती, आणि ती शिफारशीनं न भरण्याचा विक्षिप्तपणा त्यांच्यात होता. त्यांनी निरोप पाठवला : शनिवारी दुपारी येतो. करंडी टांगून ठेवा. बाईंनी हे खरोखरच असं जुळवलं असेल तर पदवीचं प्रमाणपत्र तयार ठेवायला सांगा, जागा त्यांची.

निरोप ऐकून शामलेनं हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "प्रमाणपत्र उमरेडले आहे. सासूच्या पेटीत."

"मी आणतो," मधुकरराव म्हणाले.

"नाही. मीच जाईन."

ती गुरुवारी गेली. शुक्रवारी सकाळी मधुकररावांनी दिवाणजीचं पाणी बदलायला खोकं उघडलं. त्याची कातडी राखेसारखी निस्तेज झाली होती आणि डोळे दुधाळ, निळसर, मेलेल्या माशासारखे. कात टाकायची वेळ आली होती. या दिवसांत साप आंधळा, चिडका आणि आतल्या आत मिटलेला असतो. उंदीर समोर सोडला तरी पाहत नाही, कोणी बोलावलं म्हणून बाहेर येणं तर दूरच. मधुकरराव हे दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत. गणपतरावांकडे सायकलनं जाऊन ‘आठवडाभरानं या’ एवढं सांगायला फार वेळ लागला नसता.

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

असं नव्हे की त्यांनी काही ठरवलं. सुशिक्षित माणूस अशा वेळी काही ठरवत नाही. तो घडू देतो, आणि घडू देण्यात हात गुंतलेला नसतो, म्हणून हात धुवावेही लागत नाहीत. नागपंचमी तोंडावर होती. या वर्षी अध्यक्ष म्हणून गणपतरावच यायचे होते. ‘ठार बहिरा’ या वाक्यावर पहिल्या रांगेतून अध्यक्षांनी, ‘पण तुमच्या घरचा तर ऐकतो’, असं म्हटलं, आणि रुपराव हसले, आणि मग सगळी गांधीबाग हसली, हे दृश्य मधुकररावांनी कितीदा पाहिलं होतं. दिवसभर त्यांनी खोक्याच्या खोलीत जाण्याचं टाळलं.

शनिवारी एस.टी. उशिरा आली. शामला घरात शिरली तेव्हा गणपतराव आणि रुपराव खुर्च्यांवर बसलेले होते आणि रुखमाबाई पोह्यांच्या बशा ठेवत होत्या. प्रमाणपत्राची गुंडाळी पिशवीतून डोकावत होती. ती मिळवताना तिनं सासूचं काय ऐकून घेतलं, हे तिनं सांगितलं नाही. पण तिचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला, ताणलेला होता. नमस्कार करून ती आत गेली, खोकं उघडलं, आणि लगेच बाहेर आली.

"सर, आज नको," ती म्हणाली. पाहुण्यांसमोर ती ठेवणीतली भाषा काढी. "तो कात टाकायला आला आहे. डोळे दुधाळले आहेत. या दिवसांत तो जेवायलासुद्धा येत नाही. पुढच्या आठवड्यात आलात तर..."

"वा ताई," रुपराव म्हणाले. "बाबा लोकायचंही असंच असते. आज योग नाही म्हणतात."

गणपतराव मधुकररावांकडे वळले. "तुम्ही सांगा. असं होतं का?"

होतं. एवढाच शब्द पुरेसा होता. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कात टाकताना सापाची दृष्टी अंधूक होते, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण इथे प्रश्न डोळ्यांचा नाही, ऐकण्याचा आहे. साप ऐकत असेल, तर डोळे दुधाळले म्हणून त्याचं ऐकणं का थांबावं?"

वाक्य निर्दोष होतं. त्यातला एकही शब्द खोटा म्हणून वेगळा काढता आला नसता. शिक्षणाचा हा एक मोठाच लाभ आहे : अडाणी माणसाला खोटं बोलायला खोटं बोलावं लागतं.

शामलेनं भावाकडे पाहिलं. तिला उत्तर सुचलं नाही असं नाही. ते उत्तर द्यायला समोरचा माणूस अज्ञानी असावा लागतो, आणि हा तसा नव्हता, हे तिला तत्क्षणी कळलं.

करंडी टांगली. चादर लावली. ती गोधडीवर उभी राहिली. "उठा दिवाणजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, वर गेला.

"जरा जोरानं, ताई," रुपराव म्हणाले. "अजगर आहे, म्हातारा मामा समजा."

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा. करंडीत राखी वेटोळं जिथे होतं तिथेच होतं. माशीनं पोह्यांवर फेरी घातली तेवढीच काय ती हालचाल.

"दादा," ती एकदम म्हणाली, "तुम्ही स्वतः पाहिलं आहे. उन्हाळ्यात. कितीदा तरी."

"पाहिलंत?" गणपतरावांनी विचारलं.

मधुकरराव हसले. ते हसू त्यांना पुढे फार दिवस आरशात दिसायचं होतं.

"हलला होता," ते म्हणाले. "साप हलतो."

रुपराव खदखदून हसले. गणपतराव उठले. जाताना ते शामलेला सौम्यपणे म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. जीव लावला की असं दिसू लागतं. तुमच्या भावाला मात्र मानलं पाहिजे. घरचं माणूस असूनही सूट दिली नाही."

पाहुणे गेले तरी शामला गोधडीवरून उतरली नव्हती. जणू अजून प्रयोग चालू होता आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नव्हता. मधुकररावांना त्या पायांकडे पाहवेना. बसच्या धुळीनं ते घोट्यापर्यंत माखले होते. धुवायलाही तिला वेळ मिळाला नव्हता.

"काहून नाही आला गा थो?" रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "रोज त येते."

"त्याले दिसत नव्हतं, आई," शामला म्हणाली. "ज्याले दिसत होतं त्यानं तोंड नाही उघडलं." मग भावाला : "तुले डोळे कधी दिसले त्याचे?"

खोटं बोलायला अजून जागा होती. "काल सकाळी," मधुकरराव म्हणाले.

"आन् तू त्याले झाकून ठेवलं."

"नागपंचमी होऊ दे, शामा. मग पुन्हा बोलावू त्याह्यले."

"म्हणजे टाळ्या होऊ दे."

त्यानंतर घरात बोलणं राहिलं नाही. मधुकरराव जेवायला बसत तेव्हा ताट वाढलेलं असे, पाणी भरलेलं असे, भाजीत मीठ बरोबर असे. कशालाच बोट लावता येऊ नये अशी ती शिक्षा होती. शरमेचंही एक पचन असतं, आणि विद्वानाचं ते चांगलं असतं अशी त्यांची समजूत होती. पण वर्गात फळ्यावर सापाच्या कवटीची आकृती काढताना, जबड्यापासून आतल्या कानाकडे जाणाऱ्या त्या एवढ्याशा हाडाशी त्यांचा खडू थांबे, आणि मुलं माना वर करून पाहू लागत.

दिवाणजीनं नागपंचमीच्या तीन दिवस आधी कात टाकली. त्याचे डोळे पुन्हा काळे, ओले झाले. त्यानं उंदीर घेतला. मधुकररावांना हे सांगायला शामला त्यांच्या टेबलाशी आली.

"आता होईल," ती म्हणाली. "आता बोलव."

"परवा गणपतराव भेटणारच आहेत."

"व्याख्यानात?"

"हो. तिथंच सांगतो. चूक माझी होती म्हणून सांगतो."

"सगळ्याईच्या समोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की क्षणभर ते पुन्हा तिचे दादा झाले. दुसऱ्या दिवशी ताटात तिनं तुपाची वाटी ठेवली. ती वाटी मधुकररावांना कोणत्याही शापापेक्षा जड गेली. तरी ती त्यांनी पुसून खाल्ली.

सभागृह भरलं होतं. ते बोलायला उभे राहिले तेव्हा नवं व्याख्यान त्यांच्याजवळ तयार होतं. सायकलवर येताना त्यांनी ते मनातल्या मनात म्हटलं होतं. ‘मित्रहो, मी तुम्हांला दर वर्षी जे सांगतो, त्यातलं अर्धं...’ पण त्यांची जीभ वाट ओळखत होती. नांगराचा बैल ओळखीच्या बांधाशी वळतो, तशी ती वळली. बीन वाजली, छत्री हलली, म्हैस आली, ठार बहिरा आला. टाळी पडली. टाळी पडत असताना मधुकररावांनी स्वतःला समजावलं की सांगायचं ते अजून सांगता येईल, अध्यक्षांच्या भाषणानंतर.

अध्यक्षांनी आपलं भाषण मधुकररावांवरच केलं. "विज्ञाननिष्ठा पुस्तकात शिकायला मिळत नाही," गणपतराव म्हणाले. "मी ती परवा एका बैठकीत पाहिली. सख्खी बहीण समोर उभी. तिच्या नोकरीचा प्रश्न. आणि हा माणूस एवढंच म्हणाला, साप हलतो." सभागृह उसळलं. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध व्यापाऱ्यानं डोळे पुसले. शामला तिथे नव्हती, आणि तिचं नाव कोणी घेतलं नाही. ती एक सख्खी बहीण होती, दृष्टान्तात लागते तशी.

मग चहा आला. मधुकरराव कप न घेता गणपतरावांसमोर जाऊन उभे राहिले. भोवती रुपराव होते, व्यापारी होते. "सर," ते म्हणाले, "त्या दिवशी मी चुकलो. ती म्हणाली ते खरं होतं. कात टाकताना साप येत नाही. आणि उन्हाळ्यात मी पाहिलं आहे. तो तिचा आवाज ऐकतो."

गणपतरावांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर माया आली, आणि त्या मायेनं मधुकररावांचा घात केला.

"मधुकरराव," ते म्हणाले, "बहिणीचा चेहरा बघवत नसेल घरात. मी समजतो. पण मला स्पष्ट सांगा. जागा मी अजून भरलेली नाही. हे तुम्ही भाऊ म्हणून बोलता आहात की प्राणिशास्त्राचे अध्यापक म्हणून? अध्यापक म्हणून म्हणत असाल, तर उद्या सकाळी येतो. आणि मग आजचं व्याख्यान..." त्यांनी मंचाकडे हात केला. टोपलीतला नाग अजून फणा काढून होता. "ते तुम्हांला मागे घ्यावं लागेल. याच मंडळींसमोर."

मंडळी ऐकत होती. रुपरावांच्या ओठांच्या कोपऱ्यात थट्टा तयार होऊन बसली होती, नुसती सुटायची बाकी.

"भाऊ म्हणून," मधुकरराव म्हणाले.

"वाटलंच मला," गणपतराव म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "असं मन असावं माणसाला." कोणीतरी चिवड्याची बशी पुढे केली. मधुकररावांनी मूठभर चिवडा घेतला, आणि तो चावताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतं आहे. चुकलो म्हणून सांगितलंही होतं, आणि काही गेलंही नव्हतं. आपल्या मनाचा इतका सोपा हिशेब त्यांनी याआधी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता.

घरी शामला ओसरीत बसली होती. रुखमाबाई उद्याच्या पूजेसाठी पाटावर नाग काढत होत्या.

"सांगितलं?" शामलेनं विचारलं.

"सांगितलं."

"सगळ्याईच्या समोर?"

"हो."

"मग?"

"त्यांना वाटलं, मायेपोटी बोलतो मी." हेही निर्दोष वाक्य होतं.

"त्याह्यनं काय म्हटलं ते राहू दे, दादा," शामला म्हणाली. "त्याह्यनं काही विचारलं असल. तू काय म्हटलं ते सांग."

रुखमाबाईंचा हात पाटावर थांबला. मधुकरराव पायरीवर बसले, बुटांच्या नाड्या सोडू लागले, सुटलेल्या नाड्या पुन्हा सोडू लागले. आणि मग त्यांनी गणपतरावांचा प्रश्न सांगितला, आणि त्याचं आपण दिलेलं उत्तर सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला होता की रुखमाबाईंना तो ऐकू आला नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणे थो?" पण ते पुन्हा सांगायची ताकद दोघांपैकी कोणातच नव्हती.

शामला रडली नाही. तिनं उठून करंडी काढली, तिची मूठ तपासली, दोर नीट गुंडाळून आत ठेवला, कापूस ठेवला.

"उद्या सकाळी मी जाईन त्याह्यच्या घरी," ती म्हणाली. "दिवाणजीले घेऊन. बैठकीत कडी असलच त्याह्यच्या. विचारणार नाही, टांगीन."

"सणाच्या दिवशी? त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर?"

"त पाठवोत. मी तिथं बोलीन. माझ्या आवाजात."

"मी..." मधुकरराव म्हणाले.

"तू येऊ नको."

आणि ते ऐकताच त्यांचे खांदे, त्यांना आवरता येण्याआधी, खाली सैल पडले. ओसरीतला दिवा त्यांच्या तोंडावर होता. शामला समोरच उभी होती. तिनं ते पाहिलं.